दोन आकडे जास्त

गुरुवारी सकाळी ग्लेनिसने चहाची किटली भरून आणली, खुर्चीवर झोपलेलं मांजर उचलून खाली ठेवलं, संगणक सुरू केला, आणि बघते तो काय, ते वाक्य पुन्हा गेलेलं. हे तिसऱ्यांदा.

वाक्य होतं मर्व ब्रॅकनच्या पानावर. मर्व म्हणजे ब्लॅकवुड फ्लॅटचा कुऱ्हाडीचा राजा. वय ऐंशी, प्रकृती ठणठणीत. टास्मानियाच्या या बाजूला लाकूडतोडीच्या शर्यतीवर लोकांचा जीव, आणि मर्वने या शर्यतींत वीस वर्षं सहसा कुणाला समोर टिकू दिलं नव्हतं. जगभरच्या माणसांनी मिळून लिहायचा तो ऑनलाइन ज्ञानकोश, त्यात त्याच्या नावाचं एक पान होतं. छोटंसंच, पण होतं. त्या पानाची राखण ग्लेनिसकडे होती. कुणी तिला नेमलं नव्हतं. तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालेल्या बाईला काहीतरी रांगेत लावायला लागतंच, तसं तिने ते आपणहून घेतलं होतं. ज्ञानकोशावर तिचं नाव ‘मर्टल’. हयात माणसांच्या चरित्रांत कुणी उगाच काही घुसडलं तर मर्टल ते दहा मिनिटांत काढते, अशी तिची ख्याती होती. पुढाऱ्यांच्या मदतनीसांना, फुटबॉलपटूंच्या बायकांना, स्वतःचं वय पाच वर्षांनी कमी करू पाहणाऱ्या एका गायिकेला तिने नम्रपणे परत पाठवलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं असे: आपल्या तोंडचं प्रमाण नाही, छापून आलेलं असेल तर दाखवा.

आणि हे वाक्य तर छापून आलेलं होतं. ‘१९७०च्या अंतिम लढतीत धाकट्या भावाला जिंकता यावं म्हणून मर्व आपला आकडा पुकारल्यावरही दोन आकडे जास्त थांबला, असं सांगतात.’ खाली संदर्भ म्हणून जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा २०१४ सालचा अंक.

शर्यतीची रीतच तशी आहे. सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची नसते. प्रत्येकाच्या पायाखाली आपापला ओंडका, आणि प्रत्येकाला नेमून दिलेला आपापला आकडा. मोजणारा कट्ट्यावर उभा राहून मोठ्याने एक, दोन, तीन पुकारत जातो. जो कच्चा त्याचा आकडा आधी, जो पक्का त्याचा मागाहून. १९७० साली धाकटा भाऊ डेस ब्रॅकन बावीस वर्षांचा, त्याचा आकडा नऊ. मर्वचा एकवीस. म्हणजे धाकट्याच्या ढलप्या उडत असताना थोरल्याने कुऱ्हाड हातात धरून बारा आकडे नुसतं उभं राहायचं, आणि मग उशिरा सुरू करून त्याला गाठायचं.

त्या दिवशी आकडे पुकारणारा ग्लेनिसचा बाप होता. जॅक डायरीनचा आवाज नदीपलीकडच्या गाईंना ऐकू जाई असं म्हणत. घरात तो पोरीला मांडीवर घेऊन पायाने ठेका धरी आणि गुणगुणे: एकाला ऊन, दोनाला सावली, तिनाला कुऱ्हाड ओंडक्यात मावली. ग्लेनिस मोजायला शिकली ती तशी.

वाक्य खोडणारा कोण हे शोधावं लागलं नव्हतं. त्याने नावच घेतलं होतं ‘डेस ब्रॅकन स्वतः’. पहिल्यांदा त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, हे खोटं आहे. ग्लेनिसने वाक्य परत आणलं. दुसऱ्यांदा लिहिलं, हे खोटं आहे, मी तिथे होतो. तिने पुन्हा आणलं, आणि पानामागच्या चर्चापानावर त्याला नियम समजावून सांगितला, अगदी मऊ शब्दांत. शाळेतल्या मुलांना उशिरा परत केलेल्या पुस्तकाबद्दल ती सांगत असे, तसा. तिसऱ्यांदा, म्हणजे आज, सगळी अक्षरं ओरडल्यासारखी मोठी करून एवढंच लिहिलेलं:

मी जिंकलो होतो.

जे करायचं ते ग्लेनिसने केलं. एकाच मजकुराची वारंवार खोडाखोड चालली आहे अशी सूचना फलकावर लावली. ज्ञानकोशावर देखरेख ठेवणाऱ्या पर्थकडच्या एका प्रचालकाने दुपारच्या जेवणाआधीच डेसची लेखणी, म्हणजे त्याचा पानं बदलायचा हक्क, आठवडाभरासाठी बंद करून टाकली. ग्लेनिसने ब्रेडला लोणी लावलं.

तेवढ्यात कोरलचा फोन आला. कोरल मेळाव्याच्या समितीची चिटणीस. लाकूडतोडीच्या मेळाव्याला यंदा शंभर वर्षं, त्याची पुस्तिका सोमवारी छपाईला जाणार. शंभर वर्षांच्या विजेत्यांची यादी, प्रत्येकापुढे एकेक ओळ. १९७० पुढची ओळ तिने ज्ञानकोशावरून उचलली होती: डेस ब्रॅकन (थोरला भाऊ थांबल्यामुळे). कच्ची प्रत परवा सभागृहात सगळ्यांना दाखवली. डेसने चष्मा लावून वाचली, खाली ठेवली, अर्धा केक बशीत तसाच सोडून निघून गेला. कोरलला काही कळेना. ती विचारत होती, ते खरंच आहे ना ग्लेनिस? तू तर सगळं तपासूनच ठेवतेस.

तपासून सांगते, असं ग्लेनिस म्हणाली.

मर्वच्या घरी विजयांनी भिंत भरलेली होती. विजेत्याला मिळणारे पट्टे, चषक, रुपेरी कुऱ्हाडी. डेसची भिंत कशी आहे हे ग्लेनिसला ठाऊक होतं. तिच्यावर एक घड्याळ होतं आणि एक निळा पट्टा.

तिने साप्ताहिकाचा तो अंक काढला. मर्वच्या सत्तराव्या वाढदिवसाचा लेख, कुणा नवशिक्या बातमीदाराने लिहिलेला. वाचता वाचता ती थबकली. ‘आकडा पुकारल्यावरही दोन आकडे जास्त थांबला.’ शब्दाला शब्द तोच. ग्रंथपालाचं नाक अशा वेळी खाजतं. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा निदान एखादा शब्द तरी इकडचा तिकडे होतो. इथे स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

ज्ञानकोशात कुठलंच पान आपलं मागचं विसरत नाही. कुणी, कोणत्या दिवशी, काय बदललं, सगळं थराखाली थर पडलेलं असतं. ग्लेनिस एकेक थर उलगडत मागे गेली. २०१४च्या शेवटी कुणा कॅनडातल्या माणसाने साप्ताहिकाचा संदर्भ जोडला होता. त्याआधी दोन वर्षं वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण होती. त्याआधी नुसतंच वाक्य. आणखी मागे. मग ते वाक्य जिथे पहिल्यांदा उगवलं ती तारीख आली: १६ ऑगस्ट २००९. आणि लिहिणाऱ्याचं नाव.

मर्टल.

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मर्टल.

ज्ञानकोशाचं काम करणाऱ्यांना ही चूक चांगली ठाऊक असते. इथे कुणीतरी बिनसंदर्भाचं काही लिहितं, बातमीदार ते इथून उचलून छापतो, मग तिसरा कुणी ती बातमीच पुरावा म्हणून इथे आणून लावतो. दुसऱ्यांच्या पानांवर असली वर्तुळं तिने डझनभर फोडली होती. आता तिनेच विहिरीत ओतलेलं पाणी कुणीतरी घागर भरून तिला तीर्थ म्हणून आणून दिलं होतं, आणि ते तिने डोळे मिटून घेतलं होतं. वर ज्याने ते नाकारलं त्याची लेखणी बंद केली होती.

ती तारीख कसली, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. १२ ऑगस्टला बापाला पुरलं होतं. पाहुणे गेले, उरलेले सँडविच कोंबड्यांना गेले, घरात बापाचा आवाज नाही म्हणजे घड्याळ बंद पडल्यासारखं. तेव्हा ती या ज्ञानकोशावर नवी होती आणि ज्याला जे ठाऊक ते तो लिहीत असे. मर्वच्या पानावर तिने बापाचं वाक्य ठेवून दिलं. बाप जसा सांगायचा तसंच, ‘असं सांगतात’ सकट. कुठेतरी राहावं म्हणून.

पण चूक संदर्भाची झाली म्हणून गोष्ट खोटी ठरते असं थोडंच आहे, असं तिने स्वतःला समजावलं. बाप मोजणारा होता. कोण कोणत्या आकड्याला हलला हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? एकच माणूस आहे. शुक्रवारी सकाळी तिने रास्पबेरीच्या वड्या डब्यात भरल्या आणि टेकडीवर मर्वकडे गेली.

मर्व मागच्या अंगणात होता, सरपण रचत. आता घाव कुणीतरी दुसरं घालतं, रचायचं मात्र तो कुणाला देत नाही. तिला बघून त्याने आधी डब्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि म्हणाला की तोंड बघता वड्या बिघडलेल्या दिसतात. दोघं ओट्यावर बसली. खाली दरीत बटाट्याची शेतं आणि त्यांच्या कडेने सफरचंदांच्या झाडांची जुनी, कुणी न छाटलेली ओळ. ग्लेनिसने त्याला सगळं सांगितलं: डेसचं खोडणं, तिचं परत आणणं, पुस्तिका, साप्ताहिक, १६ ऑगस्ट. तो वडी खात ऐकत राहिला.

“मर्वकाका,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही थांबला होतात का? खरं सांगा.”

मर्वने बोटांवरची साखर झटकली.

“नाही, पोरी. एकवीस म्हटलं आणि माझी कुऱ्हाड खाली. तुझ्या बापाचा आवाजच तसा होता, पुरलेलं माणूस उठून घाव घालेल. डेसने हरवलं मला. एका घावाने. माझी कुऱ्हाड अशी वर होती, आणि त्याचा ओंडका दोन तुकडे होऊन पडला.”

“मग बाबा तसं का सांगायचे?”

“तुझ्यामुळे.”

तिला वाटलं, तो गंमत करतोय. मर्व गंमत करताना डोळा बारीक करतो. आता त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

“तू रडलीस. अकरा वर्षांची घोडी, कुंपणाला धरून अशी रडलीस की डेसला स्वतःचं जिंकणं नीट ऐकू आलं नाही. मर्वकाका हरले, मर्वकाका हरले. घरी जाताना गाडीतही तेच. बापाने किती समजावलं, आईने लिमलेटच्या गोळ्या दिल्या, उपयोग नाही. शेवटी बाप म्हणाला, अगं हरला कुठे तो, त्याने भावाला दिलं. मी मोजत होतो ना, दोन आकडे जास्त थांबला तो. तेव्हा तू गप्प झालीस. आठ दिवसांनी जॅक माझ्याकडे आला, टोपी हातात. म्हणाला, मर्व, पोरीला मी असं असं सांगून बसलोय, तू मला तोंडघशी पाडू नकोस. मी म्हटलं, नाही पाडणार.”

ग्लेनिसला त्या गाडीची मागची सीट आठवली. उन्हाने तापलेलं रेक्झिन मांड्यांना चिकटायचं. रडणंही आठवलं. कशासाठी ते मात्र पार पुसून गेलं होतं. राहिली होती ती समजूत. मलम राहिलं होतं आणि जखम विसरली होती. त्या मलमाला ती पंचावन्न वर्षं इतिहास म्हणत आली होती.

मग तिने विचारलं की पुढे ते सगळ्या जगाला वाचता येईल असं लिहिलं गेलं, छापून आलं, तेव्हा तरी तो का बोलला नाही.

“शब्द दिला होता, हे एक. दुसरं सांगू? हसू नकोस. शंभरावर पट्टे जिंकले मी. लोक म्हणायचे, भारी आहे. तेवढंच. भारी माणसाच्या जवळ कुणी येत नाही गं. ते वाक्य आलं आणि दुकानात बायका हात धरून म्हणायला लागल्या, मर्व, काय भाऊ आहेस तू. मला बरं वाटायचं. इतकं बरं जिंकल्यावर कधी वाटलं नव्हतं.”

“आणि डेसकाका?”

“येतो की दर रविवारी जेवायला. कुऱ्हाडीचा विषय निघाला की बटाटे वाढून घेतो.” तो उठला, एक लाकूड उचलून ढिगावर नीट बसवलं. “दहा वर्षं बटाटे वाढून घेतोय तो, आणि मी बघतोय. पूस ते पोरी. बापाला दिलेला शब्द तुझ्यासाठीच होता, तो मोडायचा हक्कही तुझाच.”

पुसणं तितकं सोपं नव्हतं. ज्या माणसांना आपण काका म्हणतो त्यांच्या पानाला हात लावायचा नाही, हाही तिथला नियम, आणि तो तिने इतरांना शंभर वेळा वाचून दाखवला होता. म्हणून तिने चर्चापान उघडलं. एरवी चार ओळींत निकाल लावणारी मर्टल शुक्रवारची दुपारभर लिहीत होती. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. पहिल्यात सबबी फार होत्या. दुसऱ्यात नियमांची नावं फार होती. तिसऱ्यात बाप फार होता. चौथ्यात तिने एवढंच ठेवलं:

‘हे वाक्य २००९ मध्ये मी घातलं. संदर्भ नव्हता. साप्ताहिकाने २०१४ मध्ये ते इथूनच घेतलं असं दिसतं. शब्द आणि विरामचिन्हं ताडून पाहावीत. मला ते माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. मी अकरा वर्षांची होते, माझा आवडता स्पर्धक हरला म्हणून गाडीत मागे बसून रडत होते आणि ते माझी समजूत घालत होते. समजूत म्हणून ते चांगलं वाक्य आहे. माहिती म्हणून ते एका हयात माणसाकडून त्याचा एकमेव विजय काढून घेतं. त्या माणसाने हे तीनदा सांगितलं आणि मी तीनदा ऐकलं नाही. वाक्य काढावं आणि त्याची लेखणी परत द्यावी ही विनंती. दोघंही भाऊ माझ्या ओळखीचे आहेत, हे मी आधीच सांगायला हवं होतं. या पानावर मी यापुढे काही लिहिणार नाही.’

पाठवलं, आणि ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. परत आली तर पर्थच्या प्रचालकाचं उत्तर आलेलं. कोरडा माणूस. आपल्या वडिलांनी सांगितलेलं जसं प्रमाण नाही, तसं ते खोटं असल्याचं आपण सांगणं हेही प्रमाण नाही, असं त्याने आधी सुनावलं. हेच तर ग्लेनिस लोकांना सुनावत आली होती. खाली पुढे होतं: मात्र तारखा आणि शब्द स्वतःच बोलतात, मी ताडून पाहिले, हयात व्यक्तीबद्दल शंका असेल तर मजकूर काढायचा, ठेवायचा नाही. वाक्य काढलं आहे. बंदी उठवली आहे. आणि अगदी खाली, जणू चुकून राहिल्यासारखी एक ओळ: माझे वडीलही असंच काहीबाही सांगायचे.

कॅनडातल्या माणसाने, संदर्भ लावला तो मीच, क्षमस्व, असं लिहून खाली एक छोटंसं फूल ठेवलं होतं.

ग्लेनिसने पान उघडून पाहिलं. जिथे वाक्य होतं तिथे आता आधीची ओळ आणि नंतरची ओळ एकमेकींना टेकून उभ्या होत्या, मधून कुणी उठून गेल्याचा पत्ताही लागू न देता. सोळा वर्षं बाप तिथे बोलत होता. तिला वाटलं होतं, फार रडू येईल. आलं थोडं. पण मग तिला चर्चापानाची आठवण झाली. तिथलं काही पुसत नसतात. उद्या कुणी साप्ताहिक शोधून ते वाक्य परत आणायला निघालं तर त्याला आधी ते वाचावं लागेल. त्यात गाडी चालवणारा एक माणूस होता, मागे रडणारी त्याची पोर होती, आणि तिला गप्प करायला तो काय वाटेल ते रचून सांगत होता. पहिल्या वाक्यातल्या बापापेक्षा तिला हा बाप जास्त ओळखीचा वाटला.

तिने कोरलला फोन केला. कंसातलं काढ, नुसतं नाव ठेव, असं सांगितलं. कोरल म्हणाली, मग ओळ फार आखूड दिसेल. दिसू दे, ग्लेनिस म्हणाली.

शनिवारी सकाळी ती डेसकडे गेली. त्याचं लाकडी घर नदीला लागून, आणि तो घरामागे बटाटे काढत होता. फाटकाचा आवाज झाला तरी त्याने मान वर केली नाही.

“आल्या का बाई,” तो मातीला म्हणाला. “आता काय, फावडंपण बंद करायला आलात?”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला बाई म्हटलं होतं. एरवी ती ग्लेन्नी.

“आले,” ती म्हणाली, आणि चांगले बूट घातलेले असूनही वाफ्यात उतरून उकरलेले बटाटे बादलीत भरू लागली. भरता भरता सांगत गेली. इतिहासाचे थर, १६ ऑगस्ट, गाडीतलं रडणं, बापाची टोपी. डेस काढत राहिला, पण फावडं हळू हळू चालायला लागलं. मर्वशी बोलले असं ती म्हणाली तेव्हा ते थांबलं.

“मर्व काय म्हणाला?”

“म्हणाला, एका घावाने हरवलं. त्याची कुऱ्हाड वर होती आणि तुमचा ओंडका पडला.”

डेसने फावडं जमिनीत रोवलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. छातीवरच्या खिशात गोळ्यांची डबी होती, ती त्याने उगाच चाचपली.

“तोडताना मागे बघता येत नाही, ग्लेन्नी,” तो म्हणाला. “पायांमधून कुऱ्हाड जात असते, बघशील कशी? शेजारी कोण हलला, कोण थांबला, मला काय माहीत. मला माझा ओंडका माहीत. चाळीस वर्षं मी म्हणत होतो, मी जिंकलो. मग ते वाचलं. आधी राग आला. नंतर नंतर वाटायला लागलं, थांबला असेल का तो? मर्व तसा करेलही. लहानपणी आपल्या ताटातलं मला द्यायचा. तर मग मी इतकी वर्षं कसला पट्टा भिंतीला लावून बसलोय. त्याला विचारावं म्हटलं, तर तो हो म्हणाला तर काय करू?”

ग्लेनिसने एक बटाटा उगाच पुसत बसून पार चकचकीत केला. मग म्हणाली, “डेसकाका, मी चुकले. तुम्ही तीनदा सांगितलंत.”

“चौथ्यांदा सांगणार होतो. तुझ्या त्या पर्थवाल्याने हात बांधले.” त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “आता काय लिहिलंय तिथे? वाच बघू. चष्मा आत आहे.”

तिने फोन काढून वाचलं: १९७०च्या अंतिम लढतीत मर्व धाकटा भाऊ डेसमंड ब्रॅकन याच्याकडून पराभूत झाला. संदर्भ, त्या वर्षीच्या निकालाचं छापील पत्रक.

“पुन्हा वाच.”

तिने पुन्हा वाचलं. पराभूत या शब्दाशी त्याने मान डोलावली, जसं कुणी जुन्या ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघून डोलावतं. मग थोडा विचार करून म्हणाला की एका घावाने, हे पण घाल. एवढं कळलंच आहे तर.

तिने सांगितलं की ते घालता येणार नाही. पत्रकात घाव दिलेले नाहीत, नुसता क्रम दिलाय. शिवाय त्या पानाला तिने हात लावायचा नाही असं तिनेच कबूल केलंय.

“अगं पण मर्व म्हणतोय ना.”

“मर्वकाकांच्या तोंडचं प्रमाण नाही. छापून आलेलं लागतं.”

“आणि मी म्हणतोय ते?”

“तुमच्याही तोंडचं नाही.”

दोन माणसं त्या दिवशी ओंडक्यांवर उभी होती, दोघंही जिवंत, दोघांचं एकमत, आणि तरी पुरावा नाही. डेसने हात विजारीला पुसले, तिच्या हातातला फोन घेतला, भावाचा नंबर त्याला पाठ होता, तो मातकट बोटाने दाबला आणि कानाला लावला.

“मर्व, मी बोलतोय,” तो म्हणाला. “ही ग्लेन्नी काय म्हणते ऐक. तू म्हणे पुरावाच नाहीस.” पलीकडून काहीतरी आलं. डेस ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता उलट्या बादलीवर बसला. “हो, सांगितलं तिने. एका घावाने.” मग पुन्हा ऐकलं, बराच वेळ. नदीकडून एक पक्षी ओरडून गेला. “मी कुठे काय म्हणतोय. नाही रे. अरे नाही. बरं, मला एक सांग आधी. तुझी कुऱ्हाड वर होती म्हणतोस, ती नक्की किती वर होती?”